मेनिअर: मीठ नेमकं किती, आणि पूरक गोळ्यांचा उपयोग काय?

इंदिरानगर_वाचक
आई, वय ६१, नाशिक. आधी उजव्या कानात दडे बसतात, घूं असा आवाज सुरू होतो, मग तास-दोन तास घर गरगरतं आणि उलट्या होतात. खालच्या पट्टीतलं ऐकणं कमी झालंय. ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) बघून कान-नाक-घसा डॉक्टरांनी मेनिअर (आतल्या कानाचा आजार) असं निदान केलं. चक्करेसाठी बीटाहिस्टीन १६ मिग्रॅ दिवसातून तीनदा चालू आहे. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅस्पिरिन ७५ आधीपासून आहेत. व्हिटॅमिन डी १४, बी१२ १८०. ‘मीठ कमी करा’ म्हणाले, पण किती ते विचारायचं राहिलं. सैंधव चालेल का? नातेवाईक जिंको बिलोबा (एका झाडाच्या पानांच्या अर्काच्या गोळ्या) घ्या म्हणतायत. श्रावणातले उपवास आणि रविवारची मिसळ यांचं काय करायचं?

मीठमोजणी
दिवसाला सोडियम १५०० ते २००० मिग्रॅ, सगळं धरून. मिठात सोडियम साधारण ४० टक्के, म्हणजे ५ ग्रॅम मिठात २००० मिग्रॅ झालं. दूध, भाज्या, डाळी यांतून थोडं आपोआप येतंच, म्हणून वरून घालायला ३ ग्रॅमच्या आसपास उरतं: सपाट अर्धा चहाचा चमचा. शीग लावलेला नव्हे! सकाळी तेवढं एका डबीत काढून ठेवायचं. आईंची भाजी-आमटी मीठ घालण्याआधी बाजूला काढायची आणि त्यात डबीतलं मीठ घालायचं. भाकरी-पोळी अळणी. डबी संपली की त्या दिवसाचं मीठ संपलं.

सध्या किती खाल्लं जातंय ते बघायचं असेल तर मिठाच्या पुड्यावर तो फोडल्याची तारीख लिहा. चार माणसांच्या घरात माणशी ५ ग्रॅमने १ किलो मीठ ५० दिवस पुरायला हवं. २५ दिवसांत संपलं तर माणशी १० ग्रॅम जातंय, आणि त्यात पापड-लोणची-फरसाण धरलेलंच नाही.

सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. त्यात सवलत काही नाही. उपवासाची खिचडी सैंधवाची आणि जोडीला बटाट्याचे वेफर्स, असं झालं तर उपवासाचा दिवस इतर दिवसांपेक्षा खारट निघतो. मिसळीत मीठ चारही बाजूंनी येतं: तर्री, फरसाण, पाव, पापड. पापडात मिठाशिवाय पापडखार असतो, तोही सोडियमच. वर मठ्ठा घेतला तर विचारूच नका. घरी मोड आलेली मटकी, पातळ रस्सा, फरसाणाऐवजी बिनमिठाचे भाजलेले पोहे, कांदा आणि भरपूर लिंबू, अशी करा. ती मिसळ आहे का यावर नाशिकात वाद होईल, पण कानाला चालते.

नजरेतून निसटणाऱ्या गोष्टी: खारी आणि टोस्ट, ढोकळ्यातला सोडा, इनो, सॉस, अजिनोमोटो, तयार मसाल्याची पाकिटं, कोकमाचं आगळ, पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या. पाकिटावर १०० ग्रॅमला सोडियम १२० मिग्रॅ किंवा कमी असेल तर तो पदार्थ कमी सोडियमचा. ४००-५०० च्या वर असेल तर दुकानातच ठेवा.

मेनिअरमध्ये आतल्या कानातल्या द्रवाचा दाब वाढतो. म्हणून एकूण मिठाइतकाच त्याचा चढउतार सांभाळायचा, असं बहुतेक डॉक्टर सांगतात. सहा दिवस अळणी आणि सातव्या दिवशी लग्नाची पंगत, यात काही हशील नाही. जेवणाच्या वेळा ठरलेल्या, पाणी दिवसभर विभागून. चहा-कॉफी एकदम बंद केली तर डोकं धरतं, दर चार-पाच दिवसांनी एक कप कमी करत दोनवर या.

आणि खरं तेही सांगतो: मिठाच्या पथ्याला मोठ्या चाचण्यांचा भक्कम आधार नाही. तरी धोका कमी आणि रक्तदाबालाही फायदा, म्हणून ते आधी करतात.

खलबत्ता
औषधांच्या बाजूने. वर एक गोष्ट राहिली: ‘लो सोडियम’ मीठ घरात आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. टेल्मिसार्टनवर पोटॅशियम आधीच चढायला बघतं, मूत्रपिंड जरा मंद असेल तर हृदयाच्या ठोक्यांवर बेततं.

जिंको नको. चक्करेवरचा पुरावा कच्चा, आणि अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला रक्तस्रावाचा धोका. आल्याने मळमळ थोडी कमी होते, गरगरणं थांबत नाही. स्वयंपाकातलं आलं ठीक, कॅप्सूल नकोत.

डी १४ म्हणजे कमीच. सहसा ६०,००० युनिट आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, जेवणानंतर. हीच पुडी रोज घेणारे लोक कॅल्शियम वाढून दवाखान्यात येतात, तेव्हा कॅलेंडरवर वार मांडून ठेवा. मात्र याने मेनिअर आटोक्यात येईल असं समजू नका. डीचा उपयोग दिसला तो दुसऱ्या चक्करेत, कुशीवर वळताना काही सेकंद येते तिच्यात (बीपीपीव्ही). २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कोरियातल्या चाचणीत डी कमी असलेल्यांना डी ४०० युनिट आणि कॅल्शियम ५०० मिग्रॅ दिवसातून दोनदा दिलं, तेव्हा ती चक्कर पुन्हा येण्याचं प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटलं.

बी१२ १८० भरून काढायलाच हवं. ते कमी असताना पायांची जाणीव मंदावते आणि अंधारात तोल जातो. लोक त्यालाही ‘चक्कर’च म्हणतात.

बीटाहिस्टीनबद्दल फार आशा नको. २०१६ च्या मोठ्या चाचणीत ते औषध नसलेल्या, नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. डॉक्टर देतात कारण दुष्परिणाम कमी. दमा किंवा पोटात अल्सर असेल तर आधी सांगा. खरी गडबड होते ती स्टेमेटिलमध्ये (उलटी-चक्कर दाबणारी गोळी): झटक्यापुरती दोन-तीन दिवसांची गोळी लोक महिनोन्‌महिने घेतात. मेंदूचं तोल सावरायला शिकणं लांबतं आणि म्हाताऱ्या माणसांना हातांचा कंप सुरू होतो.

तोल_सांभाळा
फक्त दोन गोष्टी. मेनिअरचे झटके पुष्कळदा आपोआप विरळ होतात, त्यामुळे त्या काळात जे घेतलं त्याला श्रेय मिळतं. म्हणून वही ठेवा: तारीख, वेळ, किती मिनिटं, दडे बसले का, झोप, आदल्या दिवशीचं खारट. एका वेळी एकच बदल, निदान महिनाभर. पान उलटल्यावर दिसलं की उपाशी राहिल्यावर किंवा डोकं दुखताना, उजेड नकोसा होताना गरगरतं, तर अर्धशिशीची चक्करही असू शकते. ती वही डॉक्टरांना दाखवा, मग उपवासांचं गणितच बदलतं.

दुसरं, बोलणं अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं, दोन-दोन दिसणं किंवा उभंच राहता न येणं, यांपैकी काही चक्करेबरोबर आलं तर मेनिअर म्हणून घरी थांबू नका. पक्षाघाताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात.

इंदिरानगर_वाचक
धन्यवाद सगळ्यांना. उलट्यांनंतर आम्ही ओआरएस देतो. त्यातही मीठ असतंच ना?

मीठमोजणी
असतं. लिटरला सोडियम सुमारे १७०० मिग्रॅ, म्हणजे जवळजवळ दिवसभराचा वाटा. एक-दोन उलट्यांना साधं पाणी, पातळ पेज पुरते, घोट-घोट. उलट्या थांबतच नसतील, लघवी कमी झाली असेल तर ओआरएस द्या आणि त्या दिवशी पथ्य बाजूला ठेवा. तेवढ्यात टेल्मिसार्टनचा पुढचा डोस घ्यायचा की थांबवायचा, हे मात्र डॉक्टरांना फोन करून विचारा.