'द फेअरवेल' : आजीपासून आजार लपवणाऱ्या कुटुंबाची बाजू हा चित्रपट घेतो का?

प्रश्न – पैलतीर

लुलू वांग यांचा २०१९ सालचा 'द फेअरवेल' मी गेल्या आठवड्यात पाहिला आणि तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात अशी, की चीनमधील चांगचुन शहरात राहणाऱ्या आजीला फुप्फुसाचा कर्करोग शेवटच्या टप्प्यात असल्याचे निष्पन्न होते. तिला ते कळू द्यायचे नाही असे घरचे ठरवतात, आणि सर्वांना तिला एकदा भेटता यावे म्हणून जपानहून नातवाला बोलावून त्याच्या लग्नाचा घाट घालतात. न्यू यॉर्कमध्ये वाढलेल्या बिली या नातीला मात्र हे लपवणे पटत नाही.

माझ्या आजोळी, साताऱ्याला, हेच घडले. मामांनी फोनवर पहिले वाक्य उच्चारले तेच "तिला काही सांगू नकोस" असे होते. मी न्यू जर्सीहून बारा दिवसांसाठी गेले. परत निघताना आजीने मेतकुटाची पुडी दोन साड्यांच्या घडीत बसवून माझ्या बॅगेत ठेवली आणि म्हणाली, "मे महिन्यात ये, म्हणजे आंबे मिळतील." मी "हो" म्हणाले. ती मार्चमध्ये गेली. त्या एका "हो"बद्दल मला आजही मामांचा राग येतो. म्हणून विचारते, की हा चित्रपट कुटुंबाचे समर्थन करतो, की बिलीचे? आणि परदेशी गेलेल्या माणसांच्या नात्यांतील अशी गाठ प्रामाणिकपणे हाताळणारे आणखी कोणते चित्रपट आहेत?

उत्तर – कृष्णाकाठ

पैलतीर, तुमच्या दुःखाविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही, परंतु चित्रपटाविषयी बोलू शकतो, कारण आमच्या फिल्म सोसायटीत तो दाखवला तेव्हा त्यावर दोन तास चर्चा झाली होती.

पहिलाच प्रसंग पुन्हा पाहावा. बिली न्यू यॉर्कच्या रस्त्यावरून आजीशी फोनवर बोलत असते आणि आजी आपण बहिणीच्या घरी असल्याचे सांगते, प्रत्यक्षात मात्र ती रुग्णालयात तपासणीसाठी आलेली असते. इकडे बिलीही आजीला काळजी वाटू नये म्हणून लहानसहान गोष्टी खोट्या सांगते. कर्करोगाचा उच्चारही होण्यापूर्वी दिग्दर्शिकेने दाखवून दिले आहे, की या दोघींचे प्रेम रोजच अशा लहान असत्यांच्या आधाराने चालते. पुढचे मोठे असत्य त्याच सवयीतून आलेले आहे. आजीने स्वतःही नवऱ्याच्या शेवटच्या आजारात त्याच्यापासून हेच लपवले होते, ही गोष्ट चित्रपटात ओघात येऊन जाते, पण मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते.

दुसरा प्रसंग डॉक्टरांचा. ते इंग्लंडमध्ये शिकलेले असतात, त्यामुळे बिली आजीच्या उशाशी उभी राहून त्यांना इंग्रजीत विचारते की आजार किती गंभीर आहे, आणि आजी काही न समजता या तरुण डॉक्टरकडे नातीसाठी स्थळ म्हणून पाहत राहते. जी भाषा आजीला येत नाही, त्याच भाषेत तिच्या मृत्यूविषयी बोलणे चालू आहे आणि ती मात्र नातीच्या लग्नाचा विचार करते आहे. या प्रसंगी बिली खरे सांगण्याच्या बाजूची असूनही लपवण्यात सामील होते. म्हणूनच बाजू घेण्याचा प्रश्न मला लागू वाटत नाही. जपानमध्ये स्थायिक झालेले काका बिलीला समजावतात, की पश्चिमेत माणसाचे आयुष्य त्याचे एकट्याचे मानले जाते आणि आपल्याकडे ते कुटुंबाचा एक भाग असते. पण हे ज्याच्या तोंडी घातले आहे तो स्वतः देश सोडून गेलेला मुलगा आहे, हे विसरू नये.

चित्रपटाचे चिनी नाव 'तिला सांगू नका' अशा अर्थाचे आहे. इंग्रजी नाव निरोपाविषयी बोलते, तर चिनी नाव ही थेट आज्ञाच आहे.

उत्तर – शुश्रूषा

मी पुण्यात बावीस वर्षे परिचारिका आहे आणि कृष्णाकाठ यांच्या विवेचनात एक गोष्ट राहून गेली असे मला वाटते. चित्रपटात तपासणीचा अहवाल बदलून आजीच्या हाती दिला जातो आणि कथा तेथून लवकर पुढे सरकते. मला तेथे पुढे सरकता आले नाही. नातेवाईक फाइल घेऊन मार्गिकेत येतात, हळू आवाजात "त्यांना कळता कामा नये" असे सांगतात, आणि पाच मिनिटांनी मी सलाईन बदलायला गेले की तोच रुग्ण मला विचारतो, "सिस्टर, केस का गळतायत माझे?" त्या वेळी कुटुंबातील सगळे बाहेर असतात आणि उत्तर देण्याची वेळ माझ्यावर येते. ज्याला घराच्या वाटण्या करायच्या आहेत, कोणाची माफी मागायची आहे, त्याची ती संधी आपण काढून घेतो. पैलतीर, तुमचा राग मला अनाठायी वाटत नाही.

उत्तर – दुसरी पिढी

मी अमेरिकेतच जन्मलो. मराठी लिहायला आईने रविवारच्या शाळेत शिकवले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो.

ली आयझॅक चुंग यांचा 'मिनारी' (२०२०) अवश्य पाहा. आर्कान्सामध्ये शेती करू पाहणाऱ्या कोरियन कुटुंबात आजी येते, येताना मिरचीची पूड आणि सुकी मासळी घेऊन येते, आणि धाकटा नातू म्हणतो की हिला कोरियाचा वास येतो. मेतकुटाची पुडी वाचून मला तोच प्रसंग आठवला. माझी आजी प्रथम आली तेव्हा मीही असेच काही बोललो होतो आणि तिला ते समजले होते. आजीची भूमिका करणाऱ्या युन युह-जंग यांना २०२१ साली सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. अमेरिकेत, अमेरिकी दिग्दर्शकाने केलेल्या या चित्रपटाला गोल्डन ग्लोबमध्ये मात्र परभाषिक विभागात बसवले गेले, कारण निम्म्याहून अधिक संवाद इंग्रजीत नव्हते. 'द फेअरवेल'लाही त्याच विभागात नामांकन होते. आमच्या घरातही निम्म्याहून अधिक संवाद इंग्रजीत नसतात, त्यामुळे हा नियम वाचून मला वाईट वाटले.

मीरा नायर यांचा 'द नेमसेक' (२००६) आपल्याला अधिक जवळचा आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर गोगोल, म्हणजे अमेरिकेत वाढलेला बंगाली कुटुंबातील मुलगा, कोणी न सांगता मुंडण करून येतो. त्याला विधीचा अर्थ पूर्ण माहीत नाही, पण हाताशी दुसरी कोणतीच भाषा नाही.

पैलतीर

तिघांचे मनापासून आभार. शुश्रूषाताई, वाटण्यांविषयीचे तुमचे वाक्य मी दोनदा वाचले, कारण आजीचे पाटल्यांचे म्हणणे अर्धवटच राहिले. काल मामांना फोन करून सांगितले, की दिवाळीत आले की आपण एक चित्रपट एकत्र पाहू. त्यांना चिनी येत नाही आणि इंग्रजी उपशीर्षके वाचण्याचा वेगही नाही, म्हणून शेजारी बसून मी मराठीत सांगत जाईन. नाव काय म्हणून त्यांनी विचारले. मी चिनी नाव सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "ये तू. बघू."