५जी टॉवर लागल्यापासून सी-बँडच्या छत्रीवर चित्र फुटतंय: फिल्टर कुठला घ्यायचा?

हेडएंड_कराड

मंडळी, छोटा हेडएंड आहे, म्हणजे उपग्रहाचे चॅनेल पकडून केबलवर पुढे पाठवायचं केंद्र. गच्चीवर तीन छत्र्या: ८ फुटी दोन (६६° आणि ८३° पूर्वेच्या उपग्रहांवर) आणि १२ फुटी एक (१०५.५° पूर्व). उत्तरेला साधारण १२० मीटरवर टॉवर आहे, त्यावर ५जीचे अँटेना चढले. तेव्हापासून ६६° वर दिवसा सीएन (सिग्नल गोंगाटाच्या किती डीबी वर आहे ते) ११.५ दाखवतो आणि रात्री आठनंतर ७ वर येतो. चॅनेल ८पीएसके ३/४ आहेत (मॉड्युलेशन आणि त्रुटी-दुरुस्तीचं प्रमाण). चित्र फुटतं, आवाज तुटतो, आणि ग्राहक म्हणतात "शेजाऱ्याच्या डीटीएचवर तर झकास दिसतंय". १२ फुटीवर त्रास कमी आहे. एलएनबी (छत्रीच्या तोंडावरचा, सिग्नल वाढवून खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणणारा डबा) बदलून पाहिले, केबल बदलली, फरक शून्य. ६६° वर फीडहॉर्न (छत्रीवरून आलेला सिग्नल गोळा करणारं नळकांडं) आणि एलएनबी वेगळे आहेत, ८३° वर दोन्ही एकाच तुकड्यात. फिल्टर कुठला घ्यावा?

ट्रान्सपॉन्डर_३६

डीटीएच केयू बँडवर, म्हणजे १०.७ गिगाहर्ट्झच्या वर चालतं, त्यामुळे शेजाऱ्याला काही होणार नाही. तुमचं दुखणं सी-बँडचं आहे. २०२२च्या लिलावात ३,३०० ते ३,६७० मेगाहर्ट्झ मोबाइलला गेले आणि उपग्रह टीव्हीचा सी-बँड पट्टा ३,७०० पासून ४,२०० पर्यंत. मध्ये मोकळी जागा फक्त ३० मेगाहर्ट्झ. तुमचा एलएनबी बहुधा ३,४०० ते ४,२०० वाला आहे. टॉवरचा सिग्नल त्याच्या दृष्टीने घरातलाच, तो अडवायला दारात कुणी नाही.

आकडे बघा म्हणजे एलएनबी बदलून का उपयोग झाला नाही ते कळेल. ६४ अँटेनांचं ५जी युनिट शलाकेच्या (एकवटलेल्या किरणाच्या) दिशेने ७५-७७ डीबीएमपर्यंत (सिग्नलच्या ताकदीचं माप) फेकतं. १२० मीटरवर मोकळ्या हवेत साधारण ८५ डीबी जातात. छत्रीची त्या दिशेची गेन उणे १० धरली तरी एलएनबीच्या तोंडाशी उणे २० डीबीएम येतात. सी-बँडचा एलएनबी उणे ६० च्या आसपासच गुदमरायला लागतो, कारण ६०-६५ डीबी गेन त्याच्या पोटात आहे. म्हणजे ४० डीबी जास्त. नवा एलएनबीही तसाच गुदमरणार.

आणि रात्री आठ का? ५जी एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने पाठवतं आणि घेतं. लोक वापरत नसतील तेव्हा बराच वेळ हवा रिकामी असते, फक्त ओळखीचे ठोके चालू राहतात. संध्याकाळी सगळे मोबाइल घेऊन बसले की हवा भरते. त्यातही शलाका वापरणाऱ्याच्या मागे फिरते. तुमच्याच गल्लीत कुणी व्हिडिओ बघत असेल तर ती थेट तुमच्या गच्चीवर.

रानवारा

"५जी एलएनबी" म्हणून मिळतो तो लावा, स्वस्तात काम होतं. आत फिल्टर असतो.

फ्लँज_२२९

रानवारा भाऊ, टॉवर अर्धा किलोमीटर लांब असेल तर चालेल. १२० मीटरवर मी त्यावर पैसे लावणार नाही. बऱ्याच मॉडेलांत फिल्टर पहिल्या अँप्लिफायरच्या मागे असतो. पहिला टप्पाच बुडाला तर मागे गाळून काय उपयोग? घ्यायचाच तर डब्यावरचा पट्टा वाचा, ३,७००-४,२००च हवा.

परदेशातून उतरलेला स्वस्त माल तर घेऊच नका. अमेरिकेत ३,७०० ते ३,९८० हाच तुकडा मोबाइलला विकला (सुमारे ८१ अब्ज डॉलर आले) आणि टीव्ही ४,०००-४,२०० मध्ये कोंबला. तिथले फिल्टर त्याच पट्ट्याचे. इथे लावाल तर अर्ध्याहून जास्त ट्रान्सपॉन्डर (उपग्रहाचे चॅनेल-गट वाहणारे तुकडे) स्वतःच्या हाताने मारून टाकाल. तिकडे उपग्रह कंपन्यांना जागा लवकर रिकामी केल्याबद्दल ९.७ अब्जांपर्यंतची बक्षिशी ठरली होती, जमिनीवरच्या छत्र्यांच्या फिल्टरचा खर्च त्याशिवाय वेगळा भरून द्यायचा होता. आपल्याकडे पाकीट तुमचंच.

तर ६६° साठी: वेव्हगाइड बँडपास फिल्टर (ठरलेला पट्टाच सोडणारी धातूची नळी), ३,७००-४,२००, २२९ फ्लँजचा (जोडायच्या चकतीचं माप), फीडहॉर्न आणि एलएनबीच्या मध्ये. दोन पोलारिटीला (उभ्या-आडव्या लहरींना) दोन एलएनबी असतील तर दोन फिल्टर. केबलमध्ये, एलएनबीच्या खाली लावायचा छोटा फिल्टर कुणी गळ्यात मारू पाहील, तो घेऊ नका. गुदमरणं वर होतं, खाली गाळून ते सुटत नाही.

विक्रेत्याकडून आलेख मागा आणि ३,६७० वर किती अडवतो ते बघा. कागदावर ३,६०० चा आकडा ठळक छापतात, ५५ डीबी वगैरे. पण ३० मेगाहर्ट्झच्या उतारावर फिल्टर किती खाली येतो तीच खरी परीक्षा. तुमच्या अंतराला ४५ डीबी तरी हवेत.

आता यातली मेख. फिल्टर पासबँडमध्येही (सोडायच्या पट्ट्यातही) ०.३ ते ०.५ डीबी खातो. दुकानदार म्हणेल अर्धा डीबीच तर आहे. पण तो एलएनबीच्या आधी आहे, म्हणजे तो स्वतःही गोंगाट घालतो. आकाशाकडून ३०, एलएनबीचे २०, असे ५० केल्विन (गोंगाटाचं माप) धरले तर ०.५ डीबीचा फिल्टर ते ७८ वर नेतो. सिग्नल घटला तो वेगळा. एकूण सीएन २.४ डीबीने उतरतो. ०.३ वाला १.६ खातो. तुमचे ११.५ म्हणजे ९.१ किंवा ९.९ होतील, आणि ८पीएसके ३/४ ला ७.९ लागतात. ०.५ वाल्यात हाती सव्वा डीबी उरतो. छत्री जराशी हलली की संपलं. म्हणून ०.३ वाला शोधा, किंवा ८ फुटीच्या जागी १० फुटी लावा, १.९ डीबी परत मिळतात.

८३° च्या एकतुकडी फीडला फिल्टर बसत नाही, फ्लँजच नाही. तिथे फीडहॉर्न वेगळा, एलएनबी वेगळा असा संच घ्यावाच लागेल.

ट्रान्सपॉन्डर_३६

पैसे घालण्याआधी दोन तपासण्या करा.

पहिली फुकटची. तेलाच्या १५ लिटरच्या डब्याचा पत्रा सपाट करा. रात्री नऊला टॉवर आणि फीडहॉर्न यांच्या मध्ये धरा, छत्रीची आकाशाकडची नजर न अडवता. खाली कुणीतरी रिसीव्हरवर सीएन वाचत राहू दे. पत्रा धरल्यावर दोन-तीन डीबी वर गेला की चोर सापडला. तुमचा टॉवर उत्तरेला आहे हे मुद्दाम लक्षात घ्या. आपल्या छत्र्या दक्षिणेकडे झुकतात, ६६° आणि ८३° ला कोन जवळपास ६७° उंच, आणि फीडहॉर्न खाली छत्रीच्या पोटात बघत असतो. उत्तरेचा टॉवर छत्रीच्या काठावरून थेट त्याच्या तोंडात डोकावतो. जाळीची छत्री असेल तर जाळीतूनही.

दुसरी, स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर (फ्रिक्वेन्सीनुसार सिग्नल दाखवणारं यंत्र) भाड्याने मिळत असेल तर. आधी डीसी ब्लॉक लावा, एलएनबीच्या तारेवर १३-१८ व्होल्ट असतात, थेट जोडलात तर यंत्राचं इनपुट जळेल. ९०० ते १,९०० मेगाहर्ट्झ उघडा, मॅक्स होल्ड (सर्वात उंच वाचन धरून ठेवणं) तीन मिनिटं. एलएनबीतला ऑसिलेटर ५,१५० चा, आलेली फ्रिक्वेन्सी त्यातून वजा होते, म्हणून सगळं उलटं दिसतं: ४,२०० म्हणजे ९५०, ३,७०० म्हणजे १,४५०, आणि ५जी १,४८० ते १,८५० च्या मध्ये. ३६ मेगाहर्ट्झच्या ट्रान्सपॉन्डरच्या शेजारी १०० मेगाहर्ट्झचा सपाट ठोकळा दिसेल. मग मॅक्स होल्ड काढा. ठोकळा उसळला की बाकीचे सगळे ट्रान्सपॉन्डर खाली बसतात का बघा. बसत असतील तर एलएनबी गुदमरतोय, फिल्टरने सुटेल.

हेडएंड_कराड

पत्रा धरला. ६६° वर ७.१ वरून १०.४. जाळीची भिंत घातली तर फिल्टर वाचेल का?

फ्लँज_२२९

वाचणार नाही, पण ओझं हलकं होईल. भिंतीने १०-१५ डीबी मिळतात, काठावरून वळून येणारं राहतंच. ३.५ गिगाहर्ट्झची लहर ८६ मिलिमीटरची. भोक तिच्या दहाव्या हिश्शाहून लहान हवं, म्हणजे ६ मिलिमीटरची जाळी घ्या. कोंबड्यांच्या खुराड्याची अर्धा इंची जाळी थोडी झिरपते. उंची फीडहॉर्नच्या दोन फूट वर. कोन ६७° असल्याने उपग्रहाची वाट अडत नाही. पण पावसाळी वाऱ्यात ती शीड होते, त्यामुळे छत्रीच्या खांबाला न बांधता वेगळ्या अँगलवर उभी करा.

फिल्टर चढवताना दोन्ही फ्लँजवर रबर रिंग बसवा, वेव्हगाइडच्या आत सिलिकॉन जाऊ देऊ नका, बोल्ट समोरासमोरचे आवळत जा. वजनाने फीड किंचित खाली येतं, म्हणून शेवटी सीएन बघत फोकस आणि स्क्यू (एलएनबी फिरवून लावायचा कोन) पुन्हा लावा.

ट्रान्सपॉन्डर_३६

एक राहिलं. फिल्टर लावल्यावर बाकी सगळं सुधारलं आणि फक्त ३,७०० च्या लगतचे ट्रान्सपॉन्डर (अ‍ॅनालायझरवर १,४००-१,४५०) आजारी राहिले, तर दोष तुमच्याकडे नाही. टॉवरच स्वतःच्या पट्ट्याबाहेर सांडतोय. तो सांडलेला भाग तुमच्या पासबँडमध्ये पडतो, जगातला कुठलाही फिल्टर तो काढणार नाही. मग टेलिकॉमच्या आरएफ विभागाला लेखी द्या: टॉवरवरचा साइट आयडी, गच्चीचे अक्षांश-रेखांश, वेळ, फिल्टरशिवाय आणि फिल्टरसह असे अ‍ॅनालायझरचे दोन फोटो. मागणी एवढीच ठेवा की तुमच्याकडे तोंड असलेला सेक्टर (टॉवरचा एका दिशेचा अँटेना) फोनवर बोलत पाच मिनिटं बंद करावा. तो बंद होताच तुमचा सीएन चढला की पुढे टिल्ट (अँटेनाचा झुकाव) खाली करणं किंवा त्यांच्या बाजूला फिल्टर बसवणं यावर बोलता येतं. फोटोशिवाय गेलात तर "तुमची छत्री जुनी आहे" एवढंच ऐकून परत याल.