‘रास’ : आकाशातली आणि खळ्यावरची

प्रश्न : पंधराव्या-सोळाव्या शतकांत युरोपात छापलेल्या दिनदर्शिकांमध्ये प्रत्येक महिन्यासाठी त्या महिन्याचे काम आणि सोबत राशिचक्रातील एक चिन्ह दाखवण्याची रीत होती. या चित्रमालेला मराठीत ‘बारमाही श्रम’ म्हणता येईल काय? चिन्हासाठी ‘रास’ लिहावे की ‘राशी’?

उत्तर : ‘बारमाही’ कृपया वापरू नये. बारमाही विहीर म्हणजे जिचे पाणी वर्षभर आटत नाही ती, आणि या चित्रांत तर नेमके उलटे आहे : फ्रान्सकडच्या मालिकांत फेब्रुवारीत माणूस शेकोटीशी बसतो, मार्चमध्ये द्राक्षवेली छाटतो, सप्टेंबरमध्ये द्राक्षे तुडवतो आणि डिसेंबरमध्ये डुक्कर मारतो, म्हणजे प्रत्येक काम आपापल्या महिन्यापुरतेच असते. ‘श्रम’ही मला जड वाटतो, कारण शेकणे हा श्रम नव्हे. ‘महिन्यामहिन्यांची कामे’ हे साधे नाव पुरेसे आहे.

चिन्हासाठी ‘रास’च लिहावे, अनेकवचनी ‘राशी’. संस्कृतात ‘राशि’ म्हणजे मुळात ढीग. तोच शब्द सूर्यमार्गाच्या बारा समान भागांपैकी प्रत्येकालाही लागला, आणि मराठीने दोन्ही अर्थ जिवंत ठेवले. मराठवाड्यात ‘ज्वारीची रास झाली’ असे म्हटले की धान्य मोकळे होऊन ढीग लागला, हे सर्वांना कळते. गी मार्शां या मुद्रकाने पॅरिसमध्ये 1491 साली छापलेल्या मेंढपाळांच्या दिनदर्शिकेसारख्या पुस्तकांत शेतकाम आणि ग्रहगती एकत्र बांधलेली होती, आणि ते नाते मराठीत या एकाच शब्दात सापडते, याचा मला फार आनंद वाटतो.

मात्र चित्राखाली नुसते ‘कुंभ’ लिहून भागणार नाही. त्या मालिकांत जानेवारीला कुंभ असतो, तर आपला वाचक जानेवारी म्हटले की मकर संक्रांत आठवतो. त्यांची गणना सायन आहे, म्हणजे वसंतसंपातापासून केलेली; आपल्या प्रचलित पंचांगांची निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांना धरून केलेली. म्हणून ‘सायन कुंभ’ असे स्पष्ट लिहावे.

पुन्हा प्रश्न : ऑगस्टच्या चित्रात कन्या राशीसोबत धान्य काढण्याचे काम दिसते. त्याला ‘मळणी’ म्हणावे ना?

उत्तर : चित्र जवळून पाहावे. तिथे कणसे तुडवणारी बैलांची पात नाही; जमिनीवर पेंढ्या पसरल्या आहेत आणि माणसाच्या हातात दोन दांडकी आहेत, एक लांब मुठीचे आणि त्याला सैल जोडलेले दुसरे आखूड, जे डोक्यावरून फिरवून तो कणसांवर आपटतो. ‘मळणी’त मळणे आहे, म्हणजे तुडवणे. इथे कोकणातल्या भातासारखी झोडणी चालली आहे, तेव्हा ‘झोडणी’ हाच शब्द योग्य.