पदामुळे नाटक थांबतेच असे नाही

संगीत नाटकात पद सुरू झाले की कथानक थांबते, असे एक मत आहे; ते ‘सौभद्र’ (१८८२) किंवा ‘स्वयंवर’ (१९१६) यांच्या वन्समोर घेत रात्रभर रंगणाऱ्या प्रयोगांपुरते बरेचसे मान्य करता येईल. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकाला मात्र ते लागू पडत नाही. तेथे ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद नाटकातले दोन प्रतिस्पर्धी गायक गातात: पंडितजी ते सालगवराळी रागात, शब्द जपत, संथपणे गातात आणि खाँसाहेब तेच धानी रागात, तानांच्या आक्रमक फेकीने गातात. त्यामुळे गायकीच्या दोन घराण्यांमधला जो संघर्ष एरवी पानभर संवादांतून सांगावा लागला असता, तो केवळ राग, लय आणि आवाजाचा लगाव (आवाज लावण्याची पद्धत) बदलल्याने श्रोत्याच्या कानी थेट पडतो. चाल हीच येथे पात्ररचना आहे, आणि त्याचे श्रेय संगीतकार जितेंद्र अभिषेकींइतकेच खाँसाहेब उभा करणाऱ्या वसंतराव देशपांडे यांच्या गळ्यालाही द्यावे लागते. (धानीतली चाल अधिक लोकप्रिय झाली खरी, माझा कौल तरीही सालगवराळीलाच.) दोन्ही ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकावीत आणि ‘मकरंद’ या शब्दावर प्रत्येक गायक किती रेंगाळतो, एवढेच आधी पाहावे.