युनगांगचा बुद्ध भरदार, लाँगमेनचा सडसडीत. असं का?

सह्यकडा: नुकताच चीनमधल्या दातोंगजवळची युनगांग लेणी पाहून आलो. विसाव्या लेण्याची पुढची भिंत कोसळलेली असल्याने थोरला बुद्ध उघड्यावरच बसलाय. रुंद खांदे, गोल चेहरा, अंगासरशी चीवर (भिक्खूचं वस्त्र). मग लोयांगजवळ लाँगमेनला गेलो, तर बिनयांगच्या मधल्या लेण्यातला बुद्ध लांबट चेहऱ्याचा, कपड्यांच्या थरांत हरवलेला. दोन्ही उत्तर वेई राजवटीतले, मध्ये जेमतेम साठेक वर्षं. गाईड म्हणाला, 'आधी भारतीय, मग चिनी.' एवढंच?

कातळखूण: अर्धंच खरं. युनगांगमध्ये 'भारतीय' जे दिसतं ते बरंच फिरून आलेलं आहे. ४३९ मध्ये वेईंनी उत्तर लिआंग राज्य जिंकलं आणि तिथली, वायव्येच्या कान्सूकडची माणसं, भिक्खू, कारागीर आपल्या राजधानीत, म्हणजे आजच्या दातोंगला, आणून वसवली. गांधाराची वळणं मध्य आशियातून त्यांच्या हातात आलेली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गांधार मूर्ती आहेत, त्यांच्या चीवराच्या जाड चुण्या बघा. युनगांगला त्याच चुण्या चपट्या पट्ट्या होऊन बसल्यात.

आणि ते खांदे राजाचे आहेत, असं माझं मत. ४४६ मध्ये ताइवू सम्राटाने मठ-मूर्ती मोडायला लावल्या. ४५२ मध्ये नातवाने, वेनछेंगने, बंदी उठवली आणि आपल्यासारखी दगडी मूर्ती घडवून घेतली. वेईंच्या इतिहासात लिहिलंय की मूर्तीच्या चेहऱ्यावर आणि पायावर काळे खडे निघाले, नेमके सम्राटाच्या तिळांच्या जागी! त्याच्याच काळात, ४६० च्या सुमारास, थानयाओ या भिक्खूने पहिली पाच लेणी (आजच्या क्रमांकाने १६ ते २०) काढायला घेतली.

सह्यकडा: भारी! मग तो बारीक कशाने झाला?

कातळखूण: दरबाराच्या कपड्यांनी. श्याओवेन सम्राटाने ४८६ पासून दरबारात हान, म्हणजे चिनी, पद्धतीचा पोशाख आणला, ४९४ मध्ये राजधानी लोयांगला हलवली. बुद्धालाही ऐसपैस झगा आला, छातीवर गाठ मारलेली फीत, आणि आसनावरून थराथराने ओघळणारे सोगे. शरीर आत गेलं, कापड पुढे आलं. हा बदल राजधानी हलण्याआधीच युनगांगच्या सहाव्या लेण्यात दिसतो. तिथे गर्दीत धक्के खाल्ले असतील, पण फिती बघितल्यात का?

वाळूचा_कण: दगड विसरू नका. युनगांगचा वालुकाश्म, लाँगमेनचा चुनखडक. चुनखडकात कोर बारीक निघते, म्हणून ते सोगे इतके धारदार.

कातळखूण: मान्य, पण दगडाने फॅशन ठरत नाही. पुरावा चिंगचौचा. १९९६ मध्ये शानतोंग प्रांतातल्या या गावी लाँगशिंग मठाच्या जागेवर पुरलेल्या मूर्ती सापडल्या, चारशेहून अधिक. त्यांतल्या उत्तर छी राजवटीच्या काळातल्या (५५०–५७७) मूर्ती चुनखडकाच्याच, तरी चीवर अंगाला चिकटलेलं, काहींवर चुणीच नाही, फक्त रंगवलेले चौकोन. गुप्तकालीन सारनाथची आठवण यावी असं. गाईडचं 'आधी भारतीय, मग चिनी' इथे मोडतं. शरीर पुन्हा बाहेर आलं, आणि दरबारी झगा दोन पिढ्यांत मागे पडला.

सह्यकडा: सोळाव्या लेण्यातल्या उभ्या बुद्धाच्या छातीवरही फीत होती. तो तर पहिल्या पाचांतला ना?

कातळखूण: लेणं पहिल्या पाचांतलं, पण मूर्ती पुरी व्हायला वेळ लागला. तोवर दरबाराने कपडे बदलले होते.