मदत हवी आहे : अमेरिकी फुटबॉलपटूंची संघटना लढण्यासाठी स्वतःलाच का विसर्जित करते?

नमस्कार.

अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल, हिच्यातील खेळाडू आणि संघमालक यांच्या तंट्यांवर मी एक दीर्घ लेख लिहीत आहे. (फुटबॉल म्हणजे येथे अर्थातच लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा अमेरिकी खेळ.) संप, टाळेबंदी, तारखा आणि आकडे जमवून झाले आहेत. अडले आहे ते एका कायदेशीर गाठीपाशी, आणि ती सुटल्याखेरीज लेखाचा उत्तरार्ध उभा राहत नाही. अमेरिकेतील कामगार कायदा किंवा मक्तेदारीविरोधी कायदा जाणणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कोणत्याही कामगार लढ्यात संघटना हेच कामगारांचे मुख्य बळ असते आणि मालकांचा प्रयत्न ती फोडण्याचा असतो. एनएफएलच्या खेळाडूंनी मात्र १९८९ मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये आपल्या संघटनेचा प्रतिनिधित्वाचा अधिकार आपणहून सोडून दिला, आणि ही संघटना खरोखर विसर्जित झालेलीच नाही, हे सारे नाटक आहे, असे ओरडून सांगण्याची पाळी मालकांवर आली. संघटना शाबूत आहे असे मालक म्हणतात आणि ती उरलेली नाही असे खेळाडू म्हणतात, हा उलटा प्रकार मला अन्य कोणत्याही उद्योगात आढळलेला नाही.

मला जेवढे उमगले आहे ते मांडतो. संघटनेची स्थापना १९५६ ची. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने रॅडोविच खटल्यात असा निर्णय दिला की बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून मिळालेली सूट फुटबॉलला लागू होत नाही. त्यामुळे खेळाडूंच्या हाती दोन हत्यारे आली, एक संपाचे आणि दुसरे न्यायालयाचे. संपाचे हत्यार फारसे चाललेले दिसत नाही. १९८२ चा संप ५७ दिवस चालला, १६ सामन्यांचा हंगाम ९ सामन्यांवर आला, आणि एकूण उत्पन्नाच्या ५५ टक्के वाट्याची मूळ मागणी मात्र पदरात पडली नाही. १९८७ चा संप २४ दिवसांत कोसळला. याउलट, खेळाडूंना खऱ्या अर्थाने जे मिळाले, म्हणजे करार संपल्यावर हव्या त्या संघाकडे जाण्याची मुभा, ते १९९२ च्या एका ज्यूरीच्या निर्णयानंतर मिळाले. तो खटला संघटनेने नव्हे, तर फ्रीमन मॅकनील आणि इतर सात खेळाडूंनी वैयक्तिक नावाने चालवला होता.

माझा पहिला प्रश्न असा की संघटना अस्तित्वात असताना हाच खटला का चालू शकत नव्हता? दुसरा प्रश्न २०११ चा आहे. त्या वर्षी तीच चाल, तशाच पद्धतीने, टॉम ब्रेडी, पेटन मॅनिंग आणि ड्रू ब्रीज यांच्यासारखी मोठी नावे पुढे करून खेळली गेली, तरीही अपील न्यायालयाने टाळेबंदी उठवण्यास नकार दिला. १९९२ मध्ये जे साधले ते २०११ मध्ये का साधले नाही? इंटरनेटवरील बहुतेक लेखन 'अब्जाधीश विरुद्ध लक्षाधीश' एवढ्यावरच संपते, म्हणून येथे विचारतो आहे.

प्रतिसाद १

प्रश्न नेमका आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

एका उद्योगातील ३२ प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकत्र बसून पगाराची कमाल मर्यादा ठरवली, नव्या भरतीतील कोण कुठे नोकरी करणार याचे आपसांत वाटप केले आणि एकमेकांची माणसे न घेण्याचे ठरवले, तर एरवी तो उघड उघड मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग होईल. सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारखर्चाची मर्यादा), ड्राफ्ट (नवोदित खेळाडूंचे संघांत वाटप) आणि फ्रँचायझी टॅग (करार संपलेल्या खेळाडूला संघाने रोखून ठेवणे) हे तिन्ही प्रकार नेमके असेच आहेत. तरीही ते कायदेशीर ठरतात, कारण सामूहिक सौदेबाजीतून निघालेल्या अटींना न्यायालयांनी या कायद्यातून सूट दिलेली आहे. कामगार आणि मालक यांनी वाटाघाटी करून शांततेने प्रश्न सोडवावेत असे कामगार कायद्याचे धोरण असताना, त्याच वाटाघाटींतून निघालेल्या कराराला दुसऱ्या कायद्याने बेकायदा ठरवणे विसंगत होईल, असा त्यामागचा विचार आहे. थोडक्यात, मालकांचे चिलखत म्हणजे खेळाडूंचीच संघटना.

हे चिलखत किती जाड आहे यावरच पुढची सगळी भांडणे झाली. १९७६ मध्ये मॅकी खटल्यात आठव्या विभागाच्या अपील न्यायालयाने 'रोझेल नियम' बेकायदा ठरवला. करार संपलेला खेळाडू दुसऱ्या संघाने घेतला तर जुन्या संघाला भरपाई द्यायची आणि ती आपसांत ठरली नाही तर लीगच्या आयुक्तांनी ठरवायची, असा तो नियम होता. साहजिकच संघ दुसऱ्याच्या खेळाडूला सहसा हात लावीत नसत. या नियमावर खरी सौदेबाजी झालीच नव्हती, म्हणून त्याला सूट नाही, असे न्यायालयाने म्हटले. गंमत अशी की १९७७ च्या करारात संघटनेने इतर सवलतींच्या बदल्यात जवळपास तशाच परिणामाची पद्धत मान्य केली, आणि न्यायालयात मिळवलेले बरेचसे टेबलावर परत गेले.

आता १९८७ कडे येऊ. हा संप मुळात याच संघ बदलण्याच्या स्वातंत्र्यासाठी होता. मालकांनी एका आठवड्याचे सामने रद्द केले आणि पुढचे तीन आठवडे बदली खेळाडू उतरवले. ते सामने दूरचित्रवाणीवर दाखवले गेले आणि अधिकृत गुणतालिकेत धरलेही गेले. जो मोंटाना, टोनी डॉर्सेट आणि रँडी व्हाइट यांच्यासारखे खेळाडू संप मोडून मैदानात परतले, तेव्हाच संपाचा निकाल लागला होता. १९ ऑक्टोबर १९८७ च्या सामन्यात वॉशिंग्टनच्या निव्वळ बदली खेळाडूंनी डॅलसला १३-७ असे हरवले, आणि डॅलसकडे तर संप मोडून आलेले नेहमीचे खेळाडू होते. संघटनेने संप मागे घेतल्यावर खेळाडू गुरुवारी कामावर हजर झाले. मालकांनी मात्र बुधवारची मुदत टळली असे सांगून त्यांना त्या आठवड्यात खेळू दिले नाही आणि पैसेही दिले नाहीत. पुढे राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने ही अट बेकायदा ठरवली, पण तोवर पाच वर्षे उलटून गेली होती. या एका तपशिलाला तुमच्या लेखात जागा द्यावी असे सुचवतो, कारण खेळाडूच्या बाजूने लागलेला निकाल बहुधा उशिराच लागतो हे त्यात स्पष्ट दिसते.

संप संपल्यावर संघटनेने न्यायालय गाठले. करार संपलेला आहे, तेव्हा सूटही संपली, असा तिचा दावा होता. १ नोव्हेंबर १९८९ रोजी त्याच आठव्या विभागाच्या न्यायालयाने पॉवेल खटल्यात तो फेटाळला. करार संपला तरी सौदेबाजीचे नाते टिकून आहे तोवर मालकांची सूटही टिकून आहे, असा त्याचा मथितार्थ. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. नाते हीच सूट असेल, तर सूट काढण्यासाठी नातेच तोडणे भाग होते. काही आठवड्यांतच जीन अपशॉ यांच्या नेतृत्वाखाली संघटनेने प्रतिनिधित्व सोडले. त्यानंतर मॅकनील यांच्या खटल्यात मिनिआपोलिसमधील ज्यूरीने 'प्लॅन बी' पद्धत, म्हणजे प्रत्येक संघाला आपले ३७ खेळाडू राखून ठेवू देणारी पद्धत, बेकायदा ठरवली. पाठोपाठ रेजी व्हाइट यांच्या नावाने सामूहिक दावा आला आणि १९९३ मध्ये तडजोड झाली. खेळाडूंना फ्री एजन्सी, म्हणजे करार संपल्यावर हव्या त्या संघाकडे जाण्याची मुभा, मिळाली आणि मालकांना १९९४ पासून सॅलरी कॅप मिळाली. पहिल्या वर्षी ती प्रत्येक संघाला ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. तडजोड होताच संघटना पुन्हा संघटना झाली, कारण कॅप कायदेशीर राहायची तर मालकांना पुन्हा ते चिलखत हवेच होते.

प्रतिसाद २

वरील विवेचनात एका खटल्याची भर घालतो. १९९६ चा ब्राउन खटला वगळला तर २०११ समजणार नाही. राखीव सराव चमूतील खेळाडूंना आठवड्याला सरसकट १,००० डॉलर द्यायचे, असे मालकांनी ठरवले होते. वाटाघाटी फिसकटल्यावर त्यांनी ते एकतर्फी लागू केले आणि २३५ खेळाडूंनी दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी मालकांची बाजू उचलून धरली. वाटाघाटी ठप्प झाल्यावर मालकांनी मिळून आपला शेवटचा प्रस्ताव लागू करणे हाही सौदेबाजीचाच भाग आहे, असे न्यायालय म्हणाले. सूट कधीतरी संपते हे त्याने मान्य केले, पण नेमकी कधी, ही रेषा काही आखून दिली नाही. त्या धूसर जागेतच २०११ चा सामना झाला.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. १९७६, १९८९ आणि २०११ या तिन्ही वेळी प्रकरण त्याच अपील न्यायालयापुढे आले हे माझ्या लक्षातच आले नव्हते. पॉवेलचा दुवा मिळाल्याने पहिला प्रश्न मिटला. दुसऱ्यात मात्र अजून एक काटा आहे. टाळेबंदी न उठवण्यासाठी न्यायालयाने १९३२ च्या नॉरिस-लागार्डिया कायद्याचा आधार घेतला. हा कायदा तर संपकऱ्यांवर मनाई हुकूम बजावणाऱ्या न्यायाधीशांना आवरण्यासाठी केला होता. तो मालकांच्या कामी कसा आला? आणि मनाई हुकूम मिळाला नाही, पण मूळ दावा तर जिवंत होता ना? मग जुलैमध्येच तडजोड करण्याची घाई खेळाडूंनी का केली?

प्रतिसाद ३

घाई दोन्ही बाजूंना होती. पण क्रमाने सांगतो.

२००६ च्या करारातून मालकांनी मे २००८ मध्येच बाहेर पडण्याचे ठरवले होते. वार्षिक उत्पन्न नऊ अब्ज डॉलरच्या आसपास होते. त्यातून खर्चापोटी सुमारे एक अब्ज आधी बाजूला काढून उरलेल्यातून खेळाडूंचा वाटा ठरत असे, आणि मालकांना आणखी एक अब्ज बाजूला काढायचे होते. शिवाय १६ ऐवजी १८ सामने हवे होते. संघटनेने दहा वर्षांचे तपासलेले हिशेब मागितले, ते मालकांनी दिले नाहीत. भागधारकांच्या मालकीच्या ग्रीन बे पॅकर्सचा ताळेबंद तेवढा जाहीर असतो. मालकांनी तयारी इतकी केली होती की सामने झाले नाहीत तरी प्रक्षेपण कंपन्यांकडून चार अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मिळत राहावी, असे करार त्यांनी आधीच करून ठेवले होते. १ मार्च २०११ रोजी न्यायाधीश डेव्हिड डॉटी यांनी लीगने यात खेळाडूंच्या हिताकडे दुर्लक्ष केल्याचा निर्णय दिला, तेव्हा त्या तटबंदीला पहिले भगदाड पडले.

११ मार्चला, करार संपायला काही तास उरलेले असताना, संघटनेने प्रतिनिधित्व सोडले. ही वेळही मुद्दाम साधलेली होती, कारण करार संपून गेल्यावर ते केले असते तर जुन्या करारातील अटीप्रमाणे दाव्यासाठी सहा महिने थांबावे लागले असते. दुसऱ्या दिवशी टाळेबंदी सुरू झाली. २५ एप्रिलला न्यायाधीश सुझन नेल्सन यांनी ती उठवण्याचा हुकूम दिला आणि चारच दिवसांत अपील न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. ८ जुलैला २ विरुद्ध १ मतांनी तो रद्द झाला.

आता तुमचा काटा. त्या कायद्याचा हेतू तुम्ही म्हणता तोच होता, यात शंका नाही. पण त्याची भाषा 'कामगार तंट्यातून उद्भवलेल्या' प्रकरणात मनाई हुकूम देण्यावर बंधन घालते, आणि बहुमताच्या मते संघटना नाहीशी झाली म्हणून कामगार तंटा नाहीसा होत नाही. असहमत न्यायाधीशांचा आक्षेप साधारण तुमच्यासारखाच होता आणि मला तो अधिक पटतो. मात्र दोन गोष्टी नोंदवाव्यात. टाळेबंदी मक्तेदारीविरोधी कायद्याखाली वैध आहे की नाही, हे न्यायालयाने ठरवलेच नाही. आणि ज्यांचा कोणत्याही संघाशी करार नाही अशा खेळाडूंपुरता मनाई हुकूम मिळण्याची वाटही त्याने पूर्ण बंद केली नाही. म्हणजे तिप्पट नुकसानभरपाईची टांगती तलवार मालकांवर कायम होती.

तरीही दावा वर्षानुवर्षे चालतो आणि खेळाडूंकडे वर्षेच नसतात. संघटनेच्या हिशेबाने कारकीर्द सरासरी ३.३ वर्षांची असते. लीग वेगळ्या पद्धतीने मोजून जवळपास सहा वर्षे सांगते, पण सहा धरली तरी एक हंगाम गमावणे म्हणजे आयुष्यातील कमाईचा मोठा तुकडा गमावणे. १९९२ ची बाजी जिंकता आली, कारण तेव्हा खटला चालू असताना सामनेही चालू होते आणि पगारही मिळत होते. २०११ मध्ये दारेच बंद होती. दोन्ही वेळची चाल सारखी दिसते, पण माझ्या मते खरा फरक हा आहे, आणि तुमच्या लेखाचा उत्तरार्ध यावर उभा करता येईल.

मालकांनाही ऑगस्ट जवळ येत होता. खेळाडूंचा मूळ पगार हंगामातच, दर आठवड्याला मिळतो, त्यामुळे त्यांची झळ सप्टेंबरपासून लागणार होती. मालकांचे तिकिटांचे नुकसान मात्र ऑगस्टच्या सराव सामन्यांपासूनच सुरू होणार होते. २५ जुलैला दहा वर्षांचा करार ठरला आणि केवळ एक सराव सामना, तो हॉल ऑफ फेमचा, रद्द झाला. एकूण उत्पन्नातील खेळाडूंचा वाटा आधी निम्म्याच्या आसपास होता, तो सुमारे ४७ टक्क्यांवर आला. त्याबदल्यात संघांवर किमान खर्चाचे बंधन आले, दिवसातून दोनदा होणारे अंगावर येणारे सराव बंद झाले आणि १८ सामन्यांचा विषय बाजूला पडला. सर्वांत मोठी किंमत मात्र मतदानाच्या वेळी लीगमध्ये नसलेल्यांनी, म्हणजे नवोदितांनी, मोजली. २०१० चा पहिला ड्राफ्ट खेळाडू सॅम ब्रॅडफर्ड याला सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाखांचा करार मिळाला होता, तर २०११ च्या कॅम न्यूटनला चार वर्षांसाठी सुमारे २ कोटी २० लाखांचा.

२०२० चे प्रकरण लिहिताना विसर्जनाचा मुद्दा आणू नका, कारण तेव्हा जुना करार संपण्याआधीच नवा झाला. खेळाडूंनी तो १,०१९ विरुद्ध ९५९ मतांनी मान्य केला आणि २०२१ पासून सतरावा सामना आला. हा करार २०३० च्या हंगामापर्यंत आहे. त्याआधी अठरावा सामना हवा असेल, तर मालकांना तो संघटनेच्या संमतीनेच मिळू शकेल.