उद्यम सर्टिफिकेट असूनही ईएमडी माफ झाली नाही, बिड रिजेक्ट

शिलाईमशीन_सोलापूर

नमस्कार मंडळी. माझं शिलाईचं छोटं युनिट आहे सोलापुरात, सहा मशीन, एक ओव्हरलॉक आणि कटिंगचं टेबल, पाच बायका कामाला. आतापर्यंत शाळेचे युनिफॉर्म, हॉटेलचे ॲप्रन असं काम केलं. यंदा जेमवर (सरकारी खरेदीचं ऑनलाइन पोर्टल) केंद्र सरकारच्या एका ऑफिसचं स्टाफ युनिफॉर्मचं बिड, म्हणजे टेंडर, भरलं, 14 लाखांचं, ईएमडी म्हणजे बिडसोबत भरायची अनामत रक्कम 28 हजार होती. उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलं की ईएमडी माफ असते असं सगळे सांगत होते म्हणून मी पैसे भरले नाहीत, फक्त उद्यम सर्टिफिकेट जोडलं. तर टेक्निकलमध्येच, म्हणजे रेट उघडायच्या आधीच्या कागद तपासणीत, रिजेक्ट, कारण लिहिलंय की ईएमडी नाही आणि सूट लागू होत नाही. सर्टिफिकेट तर खरं आहे ना, क्यूआर कोड स्कॅन केला तर माझंच नाव येतं. ते मी एका एजंटकडून 2500 रुपये देऊन काढलं होतं. चुकलं कुठे? रात्र रात्र जागून कागद जमवले होते हो, फार वाईट वाटतंय.

निविदावाला

ताई, आधी सर्टिफिकेट उघडा आणि मेजर ॲक्टिव्हिटीच्या (मुख्य कामाच्या) पुढे काय लिहिलंय ते बघा. ट्रेडिंग असेल तर तिथंच घोळ आहे.

शिलाईमशीन_सोलापूर

हो दादा, ट्रेडिंगच आहे!! मी कधी बघितलंच नव्हतं. पण मी तर कापड आणून स्वतः शिवते, विकत आणून विकत नाही.

निविदावाला

मग एजंटनं चुकीचं भरलंय. नीट सांगतो, कारण असं बऱ्याच जणांचं होतं. व्यापाऱ्यांना 2021 पासून उद्यममध्ये घेतलं खरं, पण ते बँकेच्या कर्जापुरतं, प्रायॉरिटी सेक्टरसाठी, म्हणजे ज्यांना बँकांनी प्राधान्यानं कर्ज द्यायचं असतं त्या यादीसाठी. सरकारी खरेदीचे फायदे, म्हणजे ईएमडी माफी, राखीव हिस्सा, किमतीतली सवलत, हे फक्त बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला मिळतात. तुमचा कागद ट्रेडिंग म्हणतोय म्हणून तपासणाऱ्यानं नियमाप्रमाणेच तुम्हाला बाहेर ठेवलं, त्याला तुमच्या सहा मशीन थोड्याच दिसतात.

आता करायचं काय, तर उद्यमच्या सरकारी साइटवर अपडेटचा ऑप्शन आहे, मेजर ॲक्टिव्हिटी मॅन्युफॅक्चरिंग करा आणि एनआयसी कोड, म्हणजे व्यवसायाचा प्रकार सांगणारा सरकारी नंबर, बघा. 46 किंवा 47 ने सुरू होणारा कोड म्हणजे घाऊक किंवा किरकोळ व्यापार. कपडे शिवून तयार करण्यासाठी 14101 घ्या. ह्याला एक रुपयाही लागत नाही, मुळात पहिलं रजिस्ट्रेशन पण फुकटच असतं. आणि कोणी फोन करून रिन्यूअलचे पैसे मागितले तर देऊ नका, उद्यमला रिन्यूअल नसतं. फक्त मोबाइल नंबर तुमचा आहे ना बघा, कारण ओटीपी त्याच्यावर येतो आणि एजंट लोक स्वतःचा नंबर टाकून ठेवतात. तसं असेल तर आधार पॅन घेऊन थेट जिल्हा उद्योग केंद्रात जा. उद्यम दुरुस्त झालं की जेमचं प्रोफाइल पण अपडेट करा, हे लोक विसरतात आणि पुढच्या बिडला परत तोच प्रकार होतो.

पॅकिंग_चाकण

मी थोडं पुढचं सांगतो कारण ईएमडी वाचली म्हणजे ऑर्डर मिळाली असं नाही. मी कोरुगेटेड बॉक्स बनवतो, तीन वर्षं बिड भरतोय. केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणात सूक्ष्म आणि लघु उद्योगांचा हिस्सा 20 टक्के होता तो 2018 मध्ये 25 केला, त्यात 3 टक्के महिला उद्योजकांचा आणि 4 टक्के एससी एसटी उद्योजकांचा. युनिट तुमच्या नावावर असेल तर महिला मालकी नीट दिसू द्या, भागीदारी किंवा कंपनी असेल तर 51 टक्के हिस्सा बायकांचा लागतो.

पण हे 25 टक्के म्हणजे काय ते उदाहरणानं बघा. समजा एल वन, म्हणजे सगळ्यात कमी रेट भरणारी, मोठी कंपनी आहे, युनिफॉर्मच्या एका सेटचा तिचा रेट 400 रुपये. तुमचा 450. तुम्ही 15 टक्क्यांच्या आत आहात (460 पर्यंत), म्हणून तुम्हाला विचारतील की 400 ला देता का. हो म्हणालात तर ऑर्डरचा 25 टक्क्यांपर्यंत भाग तुम्हाला. 450 ला कोणी घेणार नाही, रेट 400 चाच. म्हणून भरायच्या आधीच तुमचा तळाचा रेट काढून ठेवा, त्याखाली गेलं तर ऑर्डर मिळूनही घरातून पैसे जातील. माझं पहिल्या वर्षी तसंच झालं, कागदाचे भाव वाढले आणि मी आधीच हो म्हणून बसलो होतो, बायकोची एफडी मोडावी लागली. अजून एक, ऑर्डर मिळाल्यावरची सुरक्षा अनामत माफ नसते, साधारण 3 ते 5 टक्के, ती तयारी ठेवा. आणि राज्याच्या किंवा महापालिकेच्या टेंडरला केंद्राचं धोरण आपोआप लागू होईल असं धरू नका, त्यांच्या अटी वेगळ्या वाचा.

सीए_लातूर

पेमेंटचं पण लक्षात ठेवा. 2006 च्या एमएसएमई कायद्यात करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे पैसे अडवता येत नाहीत, अडवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं व्याज लागतं, तेही महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ. पण ट्रेडिंगवाल्याला इथंही अडचण येते, त्यामुळे दुरुस्ती माल पुरवायच्या आधी करा. डिलिव्हरी चलानावर (मालासोबतच्या कागदावर) माल उतरवून घेणाऱ्याची सही, तारीख, शिक्का, हे न घेता गाडी परत आणू नका. फॅसिलिटेशन कौन्सिलसमोर, म्हणजे छोट्या उद्योगांच्या अडकलेल्या पैशांची तक्रार ऐकणाऱ्या सरकारी मंडळासमोर, हाच कागद कामाला येतो.

शिलाईमशीन_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. नंबर एजंटचाच निघाला. सासूबाईंना घेऊन त्याच्या दुकानात गेले, समोर बसून ओटीपी घेतला, तिथंच माझा नंबर टाकला आणि ॲक्टिव्हिटी बदलली. नवीन सर्टिफिकेटवर मॅन्युफॅक्चरिंग आलंय. पॅकिंगवाल्या दादांनी सांगितलं तसा रात्री एका सेटचा तळाचा रेट काढला, कापड 240, बटण दोरा चेन 22, शिलाई 90, पॅकिंग 8, गाडी 10, एकूण 370. अजून लाइटबिल आणि भाडं धरायचंय, ते धरलं की 390 च्या खाली मी जाणार नाही. पुढचं बिड 26 तारखेला बंद होतंय, कागद आजच लावायला घेतलेत.